शनिवारची गैरहजेरी

सन १९८८. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि माझे डोळे अजून शाबूत आहेत असं गावाला सांगत होतो.

एरंडोल तालुक्यातलं आमचं गाव. होळी होऊन गेली होती. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी ओट्यावर बसलो होतो, तर समोरून शाळेतली बाई येताना दिसली. हातात छत्री, पायात धुळीनं भरलेल्या चपला. गल्लीत पाच-सहा घरं होती, ती सोडून सरळ आमच्याच घराकडे वळली. मी तेव्हाच ओळखलं, काहीतरी काम काढून आली आहे.

मास्तर लोक घरी कधी येतात हे मला चांगलं माहीत होतं. मतदारांची नावं लिहायची असली की येतात, माणसं मोजायची असली की येतात, नाहीतर कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनची केस पाहिजे असली की येतात. त्या काळी प्रत्येक मास्तराच्या मागे वरून तगादा असायचा, इतक्या केसेस आणा. माझ्या मुलाला दोन मुली आणि एक मुलगा. म्हणजे नेम आमच्यावरच होता. मी जागेवरून उठलो नाही.

"नमस्कार आबा," बाई म्हणाली.

"मुलगा शेतात आहे," मी म्हणालो. "आणि केसचं म्हणाल तर त्याची तब्येत बरी नसते."

बाई हसली. "त्या कामाला हेडसर फिरतात, मी नाही. मी तुमच्या नातीसाठी आले." मग ओट्याच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "मी धुळ्याची, बौद्ध आहे. तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. पाणी द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण तहान लागलीय खरी."

सून दारात उभी होती, ती माझ्याकडे बघायला लागली. आता असं तोंडावर बोलल्यावर माणूस काय करणार? "दे," मी म्हणालो. "तांब्याभर दे. आमच्या घरातून कुणी तहानलेलं गेलं नाही." बाई आत जाऊन पाणी प्यायली. आत दोघी काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही.

बाहेर येऊन ती म्हणाली, "तुमची नात होळीपासून शाळेत येत नाही."

"रोज जाते. माझ्या समोर दप्तर उचलून जाते."

"घरातून निघत असेल. शाळेत येत नाही."

"खोटं बोलता बाई तुम्ही."

"मी कशाला खोटं बोलू आबा?"

"तेच तर शोधतोय मी."

रागवेल असं वाटलं होतं. रागावली नाही, त्यामुळे माझा संशय जास्तच वाढला. तोंडावर खोटं म्हटल्यावर जो माणूस रागवत नाही, त्याच्या पोटात नक्की दुसरं काहीतरी असतं, असं माझं मत आहे. ती शांतपणे म्हणाली, "थंडीतसुद्धा ती शनिवारी येत नव्हती. बाकीचे दिवस कधी चुकली नाही. शनिवारी तुमच्या घरात काय असतं?"

"शनिवारी मारुती असतो. दुसरं काय असणार?"

"मी भांडायला आले नाही. पोरगी का येत नाही, कशानं अडते, एवढंच मला कळायला पाहिजे. परीक्षा तोंडावर आली. हेडसर म्हणतात, इतकी गैरहजर पोर चौथीच्या परीक्षेला बसवायची नाही. तिला तर पाचवीला एरंडोलच्या शाळेत जायचंय. आणि तिच्या वडिलांनी सांगून ठेवलंय म्हणे, एक वर्ष वाया गेलं की शाळा बंद."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनंच. थंडीत सांगितलं होतं."

ही गोष्ट खरी होती. माझा मुलगा तसं जेवताना बोलला होता, आणि तो बोलला की करतो, माझ्यावरच गेला आहे. पण घरात बोललेलं शाळेत गेलं कसं, याचा मला राग आला. बाई गेल्यावर मी सुनेला विचारलं, "आत काय बोलनी ती?"

"काही नही आबा. म्हशी किती शेतस, इतलंच इचारं तिनी."

आता सांगा. शाळेच्या बाईला माझ्या म्हशींशी काय करायचं आहे?

जेवताना मी नातीला विचारलं, "आज शाळामा काय शिकाडं?"

"पाढा," ती म्हणाली.

"कितीना?"

"सतराना."

"काल बी सतरानाच सांगेल व्हता तू."

"मोठा शे तो पाढा, आबा," ती म्हणाली आणि भाकरीत बघून खायला लागली. माझ्या नातीनं माझ्याकडे न बघता उत्तर दिलं असं आधी कधी झालं नव्हतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बाई खोटं बोलत असेल नसेल, पण घरात कुणीतरी नक्की बोलतंय. उद्या मागे जाऊन बघायचं ठरवलं.

इथं दुधाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या दोन म्हशींचं दूध गावातल्या डेअरीवर जायचं. डेअरी म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली. सकाळी सगळे आपापली किटली घेऊन जायचे. डेअरीवाला दूध मोजून घ्यायचा, त्यातलं थोडं काचेच्या नळीत घ्यायचा, त्यात तेजाब टाकायचा. सगळ्या गावाचं दूध आलं की सगळ्या नळ्या एका लोखंडी यंत्रात बसवून ते हातानं गरगर फिरवायचा. मग नळीत वर तूप गोळा व्हायचं, त्याची रेघ जिथं येईल तो त्या दुधाचा फॅट. लोक दूध देऊन घरी जायचे. फॅट दुसऱ्या दिवशी डेअरीवाला सांगेल तो.

मी असल्या भरवशावर जगणारा माणूस नाही. आधीच्या पावसाळ्यात माझ्या दुधाचा फॅट एकदम खाली आला. म्हैस तीच, सरकी तीच, दावणही तीच. मग फॅट गेला कुठं? मी डेअरीवाल्याला विचारलं तर म्हणे, "पावसाळ्यात उतरतो आबा." पाऊस काय माझ्या एकट्याच्या म्हशीवर पडला होता? त्या दिवसापासून मी ठरवलं, नळी आपल्या माणसानं बघायची. पण नळीवरच्या रेघा केसासारख्या बारीक. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, आकडे मला येतात, पण त्या रेघा मला दिसत नव्हत्या. चष्मा लावायला सांगणारे पुष्कळ होते. चष्मा लावला की गाव म्हणतं, म्हातारा झाला, आता याला काहीही सांगा.

म्हणून मी नातीला पाठवत होतो. तिची नजर घारीची. तिला सांगून ठेवलं होतं, दूध घालून यायचं नाही, यंत्र थांबेपर्यंत उभं राहायचं, नळी आपल्या हातात घ्यायची, उजेडाकडे धरायची, आकडा वाचायचा, मग हलायचं. ती घरी येऊन आकडा सांगायची तेव्हा मला बरं वाटायचं. तिलाही वाटत असावं. आख्ख्या गावात डेअरीवाल्याच्या हातातून नळी घेणारी ती एकच होती, आणि डेअरीवाला तिला 'साहेब' म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतात जातो सांगून निघालो आणि ग्रामपंचायतीच्या समोर एक सोडलेली बैलगाडी होती, तिच्या आड बसलो. नात आली. एका हातात किटली, पाठीला दप्तर. दूध घातलं. लोक येत होते, दूध घालून जात होते. ती भिंतीला टेकून उभी. शेवटचा माणूस जाईपर्यंत थांबावं लागतं, त्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. डेअरीवाल्यानं नळ्या भरल्या, मध्येच कुणाशी तरी गप्पा मारल्या, बिडी ओढली, मग यंत्र फिरवायला घेतलं.

तेवढ्यात शाळेत प्रार्थना सुरू झाली.

मी ती ऐकली आणि नातीकडे पाहिलं. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. शाळेकडे बघायची, यंत्राकडे बघायची. पण जागा सोडली नाही. प्रार्थना संपली. यंत्र थांबलं. "घ्या साहेब," डेअरीवाला म्हणाला. तिनं नळी उजेडाकडे धरली, नीट वाचली, परत दिली. किटली विसळली आणि धूम पळाली. मी मागे.

आमची शाळा इतर वेळी अकराची. शनिवारी तेवढी सकाळची. आणि होळी झाली की खानदेशात ऊन पेटतं, मग शाळा रोजच सकाळची होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण दूध एकीकडे आणि शाळा एकीकडे, दोन्ही एका जागी ठेवून मी कधी पाहिलं नव्हतं. बाईचा शनिवार मला तिथं रस्त्यावर समजला.

शाळेचं फाटक बंद होतं. आतून कडी. नातीनं फाटकाला हातसुद्धा लावला नाही. रोजचंच असल्यासारखी ती वळली आणि बंद पडलेल्या पिठाच्या चक्कीच्या भिंतीपाशी गेली. तिथं दोन पोरं आधीच बसून चिंचोके खेळत होती. ही त्यांच्याजवळ बसली. बसताना दप्तरातून पाटी काढली, खाली ठेवली आणि तिच्यावर बसली.

आमच्या घरात पाटीला पाय लागला तर पोर कपाळाला हात लावून पाया पडतं. मी पुढं झालो.

"ऊठ."

ती उठली. पोरं पळाली.

"पाटीवर बसनी तू?"

"आठे मुंग्या शेतस, आबा."

"रोज आठेच बसस?"

तिनं मान हलवली.

"माले सांगं का नही?"

"तुम्हीच सांगेल शे, नळी देखाशिवाय हलानं नही."

"मंग बाईले सांगानं, दूध घालीसन येस म्हणीसन."

"घरनी गोष्ट बाहेर सांगानी नही, हाई बी तुम्हीच सांगेल शे. थंडीमा एकदाव सांगी, तं रातभर झोप नही लागनी माले."

मी तिची पाटी उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि तिच्या हातात दिली.

फाटकासमोर उभा राहिलो तर मला माझा मास्तर आठवला. मी सकाळी ढोरं सोडून शाळेत जायचो, उशीर व्हायचा. मास्तर दारात अंगठे धरून उभं करायचा, तेही इतर पोरांना दिसेल असं. काही दिवस उभा राहिलो. मग विचार केला, उशिरा जाऊन अंगठे धरायचे त्यापेक्षा नदीवर ढोरांजवळ काय वाईट? लोक म्हणतात मी शाळा सोडली. मी सोडली नाही. मला दारातून परत लावलं.

मी काठीनं फाटक वाजवलं. चांगलं वाजवलं. हेडमास्तर बाहेर आला. माझ्यापेक्षा लहान होता वयानं, पण पोटावरून मोठा दिसायचा.

"काय आबा, सकाळी सकाळी?"

"फाटक उघडा. माझी नात आली आहे."

"प्रार्थनेनंतर फाटक बंद. नियम आहे. उद्या वेळेवर पाठवा."

"उद्याचं उद्या. आजच्या दिवसाचं काय करायचं? तुमची धुळ्याची एसटी चुकली तर तुम्ही धुळ्याला जाणं सोडून देता का? दुसऱ्या गाडीनं जाता."

"शाळा म्हणजे एसटी नाही. मी कडी लावायला लागल्यापासून पोरं वेळेवर यायला लागली. विचारा कुणालाही."

"जी येतात ती वेळेवर येतात," मी म्हणालो. "आणि बाकीची चक्कीपाशी बसतात. ती तुम्हाला दिसत नाहीत, कारण मध्ये तुमचं फाटक आहे."

आता पोरं वर्गातून डोकवायला लागली. बाईही बाहेर आली. मला वाटलं, झालं, आता दोघं मिळून मला शहाणपण शिकवणार. पण ती हेडमास्तरालाच म्हणाली, "सर, मी हेच सांगत होते. उशीर झाला तर पोराचा एक तास बुडतो. कडी लावली की दिवस बुडतो. मग त्याला पुढचं कळत नाही, की दुसऱ्या दिवशी ते स्वतःहूनच येत नाही. अंगारकीला पोरं पद्मालयाच्या गणपतीला पळतात म्हणून आपण त्यांना बोलतो, पण रोजची कशानं पळतात ते बघत नाही."

"आणि शिस्त?" हेडमास्तर म्हणाला. "उद्या सगळेच उशिरा आले तर?"

"मग मला बोलवा," मी म्हणालो. "मी फाटकात बसतो काठी घेऊन. माझी नात उद्या वेळेवर येईल, माझा शब्द आहे. पण तिच्याबरोबर जी दोन पोरं बसतात, त्यांच्या घरून कुणी येणार नाही फाटक वाजवायला. आईबाप मजुरीला जातात, घरचं पाणी भरून ती पोरं निघतात. त्यांचं सांगा."

हेडमास्तरानं डोकावणाऱ्या पोरांकडे एकदा पाहिलं. माझ्यासारखाच माणूस, सगळ्यांसमोर मागे कसा येणार? शेवटी म्हणाला, "परीक्षेपर्यंत कडी लावत नाही. उशिरा आलेलं पोर मागच्या रांगेत मुकाट्यानं बसेल, कुणी काही बोलणार नाही. बघू काय होतं ते."

"आणि हिची परीक्षा?"

"आजपासून एकही दिवस चुकली नाही तर बसवू. बुडालेलं बाई शिकवतील."

मी बाईकडे पाहिलं. ती होकार द्यायला फार लवकर तयार झाली. म्हणून नात आत गेल्यावर मी तिला फाटकापाशी थांबवून विचारलं, "तुम्हाला हे सगळं आधीच माहीत होतं ना? म्हणून म्हशींचं विचारलंत."

"मला शनिवार माहीत होते," बाई म्हणाली. "सकाळी सकाळी घरात काय काम असतं ते शोधत होते. म्हशी दिसल्या तेव्हा थोडी शंका आली. पण मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?"

"नसतं."

"म्हणून नाही सांगितलं."

हसत हसत वर्गात गेली. त्या बाईनं मला माझ्याच पायानं फाटकापर्यंत आणलं की मी आपणहून गेलो, हे मला आजही सांगता येत नाही. पुढं ती गल्लीगल्लीत जायला लागली. पोर दोन दिवस दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी बाई दारात. 'का आला नाहीस' असं विचारायची नाही, 'काय अडलं' असं विचारायची. लोक आधी माझ्यासारखेच बिचकायचे. मग सवय झाली.

संध्याकाळी मी नातीला सांगितलं, "सकायपासून डेअरीवर तू जावानं नही. मी जासू."

तिचं तोंड उतरलं. "म्हणजे मन्हावर भरोसा नही का आते?"

"भरोसा शे. तुले एरंडोल जावानं शे ना?"

"हाव."

"मंग बठ्ठी कामं तूच करशी तं शाळा कोण करी?"

"पण आबा, तुमले ती रेघ दिसस का?"

चुलीपाशी सून हसली. मुलगाही हसला, पण माझ्याकडे पाठ करून. मी म्हणालो, "जेव मुकाट्यानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी किटली घेऊन मी डेअरीवर गेलो. नात दप्तर घेऊन दुसऱ्या वाटेनं गेली, वळणावर एकदा मागे बघून. मी दूध घातलं आणि नात टेकायची त्याच भिंतीला टेकून उभा राहिलो. डेअरीवाला म्हणाला, "आज साहेब नही का?"

"साहेब शाळामा शे. आज मोठा साहेब येल शे."

सगळ्यांचं दूध आलं. त्यानं बिडी ओढली. यंत्र फिरवलं. शाळेत प्रार्थना सुरू झाली, संपली. मी कान देऊन ऐकत होतो, फाटकाच्या कडीचा आवाज आला नाही. डेअरीवाल्यानं माझी नळी काढून माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

मी नळी उजेडाकडे धरली. पिवळं तूप दिसलं, रेघ एकही दिसली नाही. नात धरायची तितकाच वेळ धरली, मग थोडा जास्त वेळ धरली.

"वाच," मी म्हणालो. "मी देखी लिधं शे. तू बरोबर वाचस का, ते देखानं शे माले."

त्यानं आकडा वाचला. मी त्याच्या डोळ्यांत बघून पुन्हा वाचायला लावला.